पिळकाकांची पाच पाणी

गणिताच्या बाई पहिल्यांदा लोकर रंगवायच्या कारखान्यात शिरल्या तेव्हा त्यांच्या एका हातात त्याच लोकरीचा, घरी विणलेला लाल मफलर होता आणि दुसऱ्या हातात, पुरावा म्हणून, नवरा होता. नवऱ्याची मान कानाच्या पाळीपासून कॉलरपर्यंत अशी लालभडक झाली होती की वाटेत चौकातल्या गाड्यांनी त्यांना बघून ब्रेक मारले. एका ओळखीच्या औषधवाल्याने दुकानातून धावत येऊन "कधीपासून आहे हे?" असं विचारलं होतं. नवऱ्याने "लग्नापासून" असं उत्तर दिल्यामुळे बाईंचा राग दुप्पट झाला होता.

सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या आवाजाने आजही रस्त्यावरची चाळिशीतली माणसं दचकून पाठ ताठ करत. कारखान्याच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "ही लोकर कोणी धुतली?"

आत वाफेचा पांढरा ढग होता. त्या ढगातून आधी दोन हात बाहेर आले. मनगटाशी मांडीएवढे जाड, कोपरापर्यंत निळे, हिरवे आणि जांभळे, म्हणजे नकाशात शेजारशेजारचे देश असतात तसे. हात बराच वेळ येतच राहिले. मग, जणू हातांना घरी पोचवायला आल्यासारखा, मागून एक किडकिडीत माणूस आला. हे पिळकाका.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तर असेल. अठ्ठावीस वर्षं रंगवलेल्या लोकरीच्या लडी धुवायच्या आणि पिळायच्या एवढंच काम केल्यामुळे सगळा गाव त्यांना पिळकाका म्हणत असे. त्यांनी मफलरचं टोक दोन बोटांत धरलं, जरासं ओलं करून चुरडलं, बोटांकडे पाहिलं आणि परत दिलं.

"ही माझ्या हातची लड नाही."

"कशावरून?"

"बाई, तुमच्या वर्गातलं पोर तुम्ही रस्त्यात ओळखत होतात ना? तसंच."

"मी वह्यांवरून ओळखत होते," बाई म्हणाल्या. "मला पुरावा पाहिजे."

"पुरावा तुम्हीच आणलाय की," पिळकाका नवऱ्याच्या मानेकडे बघत म्हणाले. "माझ्या हातची असती तर साहेबांची मान अशी पिकली नसती."

तेवढ्यात मालक आले. मालक चाळिशीचे, उत्साही, आणि वडिलांकडून कारखाना हाती आल्यापासून दर महिन्याला एक नवी सुधारणा करणारे. सुधारणा बहुधा महिनाभर टिकत. त्यांनी मान पाहिली, मफलर पाहिला आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माफ करा. काकांचं वय झालंय. म्हणूनच एक तारखेपासून मी त्यांना विश्रांती देतोय."

 पिळकाकांनी हात मागे नेले. ते हात मागे लपण्यासारखे नव्हते. दोन्ही बाजूंनी दिसत राहिले.

भानगड काय होती ते बाईंनी पाच मिनिटांत वदवून घेतलं. लोकर रंगाच्या पाण्यात उकळतात. काही रंग धाग्याला धरतो, तो जन्माचा. पण काही रंग नुसताच पाण्यात तरंगत राहतो, बेवारशी. तो लडीबरोबर बाहेर येतो आणि धुऊन काढला नाही तर पुढे कोणाच्या तरी गळ्यात पडतो. पिळकाकांची रीत जुनी. एका लडीला पाच पाणी. प्रत्येक पाणी तीन लिटरचं: बादलीत बुडवायची, हलवायची, पिळायची, पाणी फेकायचं, पुन्हा नवं. मालकांची सुधारणा नवी. त्यांनी मोठा हौद बांधला होता. लडीमागे पंधरा लिटर पाणी एकदम घ्यायचं, एकदाच बुडवायचं, ढवळायचं, काढायचं.

"पाच त्रिक पंधरा," मालक म्हणाले. "पाणी तेवढंच. मग पाच वेळा कंबर कशाला मोडायची? बाई, तुम्ही तर गणिताच्या. तुम्हीच सांगा. या दोन रीतींत फरक आहे असं तुम्ही कागदावर दाखवलंत तर मी हौद बुजवून टाकतो आणि काका राहतात. नसेल फरक, तर काका घरी."

"दोन आठवडे झाले हौदाला," पिळकाका हळूच म्हणाले. "बाईंची लोकर दहा दिवसांपूर्वीची आहे."

"काय माहीत कोणाची कुठली," मालक म्हणाले. "लडीवर नाव थोडंच लिहिलेलं असतं!"

बाईंनी चष्मा पुसला. सदतीस वर्षांत त्यांच्या गणिताच्या उत्तरावरून कोणी नापास झालं होतं, कोणी रडलं होतं, एकाने तर शाळा सोडून वाद्यवृंद काढला होता. पण कोणाची नोकरी अडली नव्हती. "मला आधी बघायचंय," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी घरी पाठवून दिलं. पुरावा नोंदवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वही, पेन्सिल आणि घडीची खुर्ची घेऊन धुण्याच्या खोलीत बसल्या. खोली लांबट, जमीन उताराची, मध्ये नाली. नालीतून दिवसभर इंद्रधनुष्य वाहत होतं. कोपऱ्यात वजनकाटा होता. बाईंनी कोरडी लड काट्यावर ठेवली: बरोबर एक किलो. मग पिळकाकांनी ती रंगातून काढून पिळली आणि काट्यावर टाकली: तीन किलो. म्हणजे पिळल्यावर लडीत दोन लिटर पाणी उरलं.

बाईंनी मान हलवली. पुढची लड. तीन किलो. तिच्या पुढची. तीन किलो. बाईंना संशय आला की काटाच अडकलाय. त्यांनी त्यावर आपली पर्स ठेवली. काटा नीट चालत होता, आणि पर्स जरा जास्तच भरली. पुन्हा लड. तीन किलो. नऊ लडी झाल्या, दहा झाल्या, दुपार झाली, पिळकाका मध्येच शिंकले, मध्येच मालकांनी हाक मारली, एकदा तर डबा खाऊन सुस्त होऊन आले. पण काट्याची सुई प्रत्येक वेळी त्याच रेघेवर, जणू तिला तिथे खिळा मारलाय.

"पिळकाका, तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही दर वेळी नेमकं दोन लिटर ठेवता?"

"ठेवत नाही. राहतं," पिळकाका म्हणाले. "त्याहून जास्त पिळलं तर धागा ओरडतो. कमी पिळलं तर पाणी ओरडतं. मधे एक जागा आहे, तिथे दोघं गप्प बसतात."

बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. सदतीस वर्षांत त्यांनी असलं मोजमाप पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांनीही कधी इतकं इमान राखलं नव्हतं, आणि नळ्यांना तर शिंका येत नाहीत.

संध्याकाळी त्या पिळकाकांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीला भिंत लागलेल्या. दारात शेजारच्या दोघी बरण्या घेऊन उभ्या. गल्लीतलं कुठलंही अडकलेलं झाकण पिळकाकांकडे येत असे. ते नुसतं हात ठेवत आणि झाकण आपणहून शरण येई.

"पण घरातले कपडे मी यांना पिळू देत नाही हो," पिळकाकांच्या बायकोने बाईंना सांगितलं. "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात यांनी मदत म्हणून चादर पिळली. दोन चादरी झाल्या."

"तेव्हा मी नवीन होतो," पिळकाका म्हणाले.

"कामात की संसारात?"

"दोन्हीकडे."

"शाळा कितवीपर्यंत?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तोंडून श्वासासारखा निघत असे.

"पाचवी. अपूर्णांक आले आणि मी गेलो. मास्तर म्हणाले, एका भाकरीचे पाच भाग करून त्यातले दोन घे. मी म्हटलं, भाकरी कुठाय? त्यांनी बाहेर काढलं."

बायको हसली. मग तिने बाईंच्या कपात आणखी चहा ओतला आणि हळू आवाजात म्हणाली, "एक तारखेनंतर हे घरात बसले ना, तर काय करतील सांगू? या हातांना दुसरं काहीच येत नाही. मी काही दिवसभर झाकणं अडकवून ठेवू शकत नाही."

त्या रात्री बाईंनी जेवायच्या आधीच गणित सोडवलं, आणि सोडवून झाल्यावर जेवल्या नाहीत. उत्तर वाईट होतं.

सकाळी मालकांच्या खोलीत तिघं बसले. बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "लडीत दोन लिटर राहतं आणि तीन लिटर नवं येतं. म्हणजे दोन छेद तीन. पाच वेळा धुवायचं, म्हणून दोन छेद तीनचा पाचवा घात. अंश बत्तीस, छेद दोनशे त्रेचाळीस. साधारण साडेसातातला एक भाग रंग उरतो." त्यांनी कागद जरा पुढे सरकवला. "हौदात दोन छेद पंधरा. तोही साडेसातातला एक. मला वाईट वाटतं, पण... दोन्ही सारखंच आहे."

"मी काय म्हणत होतो!" मालक टाळी वाजवून म्हणाले. "पाच त्रिक पंधरा!"

पिळकाका कागदाकडे बघत होते. आकडे त्यांना फारसे कळत नव्हते, पण बादली कळत होती.

"बाई, एक विचारू? हे खालचे तीन म्हणजे काय?"

"तुम्ही बादलीत घेता ते तीन लिटर."

"आणि लडीतले दोन कुठे गेले?"

"ते वर आहेत ना. अंशात."

"ते वर असतील. पण लड मी बादलीत घालतो तेव्हा ते दोन काय दाराबाहेर चपला काढून उभे राहतात? तेही आत येतात की! आत पाच लिटर होतं, बाई. लाल दोन आणि कोरे तीन मिळून पाच. मग मी पिळतो आणि त्या पाचातले दोन परत घेऊन बाहेर येतो."

बाईंनी पेन्सिलचं टोक छेदातल्या तिनावर टेकवलं.

बाईंचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग मान. आता त्यांच्या घरात दोन लाल माना झाल्या. छेद म्हणजे पूर्ण किती, हे त्यांनी सदतीस वर्षं, दरवर्षी तीन तुकड्यांना, फळ्यावर गोल काढून शिकवलं होतं. ही चूक करणाऱ्या पोराला त्या बाकावर उभं करत. बाई स्वतःच खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"पिळकाका," त्या म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांनी चुकीच्या माणसाला बाहेर काढलं."

मग त्यांनी कागद उलटा केला. दोन छेद पाच. एका पाण्यानंतर रंगाचे पाच भाग केले तर त्यातले दोन उरतात. दुसऱ्या पाण्यात त्या उरलेल्याचे पुन्हा पाच भाग, त्यातले दोन: चार छेद पंचवीस. तिसरं पाणी: आठ छेद एकशे पंचवीस. वरचा दोनही दर वेळी दोनाने गुणला जातो, खालचा पाचही दर वेळी पाचाने. पेन्सिल भराभर चालली होती. चौथं: सोळा छेद सहाशे पंचवीस. पाचवं: बत्तीस छेद तीन हजार एकशे पंचवीस.

"म्हणजे किती?" मालकांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णवातला एक," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. "आणि तुमच्या हौदात आत आलेले दोन धरून सतरा लिटर. दोन छेद सतरा. साडेआठातला एक. तेवढ्याच पाण्यात, साहेब, तुमच्या लडीत काकांच्या साडेअकरा पट रंग राहतो."

"हे कागदावर झालं," मालक म्हणाले. सुधारणावाल्या माणसाला कागदावर हरायला आवडत नाही.

"मग पेल्यात दाखवते."

धुण्याच्या खोलीत बाईंनी काचेचे सहा पेले मागवले. पहिल्यात रंगाच्या कढईतलं लाल पाणी, जसंच्या तसं. त्यातले दोन चमचे दुसऱ्या पेल्यात आणि वर तीन चमचे साधं पाणी. दुसऱ्यातले दोन चमचे तिसऱ्यात, वर तीन. असं सहाव्यापर्यंत. खिडकीच्या कट्ट्यावर पेले ओळीने उभे राहिले. पहिला रक्तासारखा, दुसरा चेरीसारखा, तिसरा गुलाबासारखा, चौथा गुलाबाच्या आठवणीसारखा, पाचवा लाजल्यासारखा, आणि सहाव्यात काही आहे की नाही यावर कोर्टात खटला चालला असता.

"आता धुवा," बाई म्हणाल्या.

पिळकाकांनी रंगातून काढून पिळलेली एक लड घेतली. पहिलं पाणी. पिळताना निघालेलं पाणी बाईंनी पेल्यात धरलं आणि ओळीतल्या दुसऱ्या पेल्याशेजारी ठेवलं. हुबेहूब. दुसरं पाणी, तिसऱ्या पेल्याशेजारी. हुबेहूब. मालक वाकून बघायला लागले. तिसरं, चौथं. कामावरची माणसं हात पुसत दारात गोळा झाली. पाचवं पाणी बाईंनी सहाव्या पेल्याशेजारी ठेवलं तेव्हा दोन्ही पेल्यांतून खिडकीबाहेरचं झाड सारखंच स्वच्छ दिसत होतं.

हौदातली लड आली. तिचं पाणी बाईंनी ओळीवरून हळूहळू पुढे नेलं. ते कुठे बसलं? तिसऱ्या आणि चौथ्या पेल्याच्या मध्ये. दोन पाणी आणि तीन पाणी यांच्या मध्ये कुठेतरी. पंधरा लिटर पाणी खर्चून.

 बाई पेल्यांसमोर अशा उभ्या होत्या जसं कोणी पहिल्यांदा समुद्र बघतं. सदतीस वर्षं त्या फळ्यावर लिहीत आल्या होत्या: अंशाचा घात वर, छेदाचा घात खाली. पोरं चुकायची आणि त्या लाल फुली मारायच्या. कोणी घात फक्त वरच्याला द्यायचं: दोन छेद पाचचा तिसरा घात आठ छेद पाच. फुली. पण त्याचा अर्थ असा की तीनदा धुतल्यावर लडीत होता त्याहून जास्त रंग! कोणी वरखाली तिनाने नुसता गुणाकार करायचं: सहा छेद पंधरा. फुली. पण ते तर परत दोन छेद पाचच. म्हणजे माणूस तीनदा कंबर मोडून धुतोय आणि लड पहिल्या पाण्यावरच अडून बसलीय! प्रत्येक फुलीच्या मागे एक बादली होती, आणि बाईंनी एकदाही आत डोकावून पाहिलं नव्हतं.

"पिळकाका, दहा पाणी दिली तर माहीत आहे किती उरेल? साडेनऊ हजारातला एक भाग!" बाई जवळजवळ ओरडल्या. "पाच पाण्यांनी शंभराच्या जवळ आणि दहा पाण्यांनी दहा हजारांच्या! तुम्ही नुसतं आणखी पाचदा पिळायचं आणि..."

"एकदा दिली होती," पिळकाका म्हणाले. "कोणीतरी बाळासाठी पांढऱ्याबरोबर विणायला लाल लोकर घेणार होतं. म्हटलं, बाळ तोंडात घालणार. दिली दहा."

"मग संपला रंग?"

"संपत नाही तो, बाई. कधीच. नुसता आपल्या डोळ्यांना पुरेनासा होतो. मी पिळायचा थांबतो ते रंग संपला म्हणून नाही. आता पुढच्याच्या गळ्याला लागणार नाही, म्हणून."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटलं, एवढं एक वाक्य आपल्याला सदतीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर निम्मी पोरं तरी गणितात राहिली असती. त्यांनी पिळकाकांचा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. पिळकाकांनी आपला हात अगदी अलगद, पिसासारखा ठेवला होता. त्याला काय काय करता येतं हे त्यांना ठाऊक होतं.

मालक दिलदार माणूस. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "हौद बंद! काका इथेच!" दारातल्या माणसांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली. पिळकाका लाजून पुढची लड पिळायला लागले, आणि काटा म्हणाला तीन किलो.

फक्त मालक पेल्यांपाशी रेंगाळले. त्यांना पहिल्यांदाच गणित आवडलं होतं. "बाई," ते म्हणाले, "म्हणजे खरी गंमत वरच्या दोनात आहे. समजा, पिळल्यावर दोनाच्या जागी अर्धाच लिटर उरलं, तर?"

असा प्रश्न बाईंच्या वर्गात सदतीस वर्षांत चारदा आला असेल. त्या खुलल्या. "फार छान विचारलंत! अर्ध्यात साडेचार लिटर घाला, पाच झाले. पाचातलं अर्धं, म्हणजे एक छेद दहा. त्याचा दुसराच घात घ्या: एक छेद शंभर. दोन पाण्यांत काम झालं, आणि पाणीही नऊच लिटर."

मालकांनी ते पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

सहा महिन्यांनी कारखान्यात गरगर फिरवून पाणी काढणारं यंत्र आलं. त्यात लडीत अर्धा लिटरच पाणी उरतं आणि धागाही तुटत नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पिळकाका घरी बसले. हिशेब बाईंनी पुन्हा करून पाहिला. तो बरोबर आहे.